दिवेलागणीला मंदावणारं इंटरनेट

माझं काम जुन्या मासिकांच्या पानांचं आहे. एक ग्रंथालय आपल्याकडचे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे मराठी अंक स्कॅन करतं. त्या फायली मी घरी उतरवून घेते, संगणकानं वाचलेला मजकूर मूळ पानाशी ताडून दुरुस्त करते आणि परत पाठवते. रंगीत स्कॅनचं एक पान २५ एमबीच्या आसपास भरतं. ६४ पानांचा अंक म्हणजे दीड जीबीच्या वरच. दिवसाला तीन-चार अंक हाताखालून जातात, त्यामुळे नेट हे माझ्यासाठी नळाच्या पाण्यासारखं आहे. ते नसलं की घरात बसून नुसती वाट बघायची.

फेब्रुवारीत आम्ही जुनं कनेक्शन सोडलं आणि २०० एमबीपीएसचं फायबर घेतलं ते याच कामासाठी. हिशेब सरळ होता. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे २०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५ मेगाबाइट, म्हणजे एक अंक साधारण मिनिटभरात. दुपारी नेटवाला मुलगा येऊन वायर ओढून गेला. जाताना त्यानं मोबाइलवर १९६ चा आकडा दाखवला. तो असतानाच मी एक अंक उतरवून बघितला, सव्वा मिनिट लागलं. फार बरं वाटलं. त्याच दिवशी संध्याकाळी सातला दुसरा अंक लावला, तर तो उतरायला चाळीस मिनिटं.

तिथून दोन महिने हा लपंडाव चालला. सकाळी नेट छान, दुपारी छान, संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला बसायचं. कधी साडेआठ-नऊला आपोआप सुधारायचं, कधी रात्रभर बसलेलंच. फोन केला की पलीकडून एकच सांगणं, "मॅडम, राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा." नाहीतर, "संध्याकाळी लोड असतो." लोडचं हे कारण मला पटलेलं होतं. संध्याकाळी सगळी सोसायटी घरी येते, टीव्ही लागतात, मुलं गेम खेळतात. शेजारच्या ताईंनीही तेच सांगितलं, ह्यांनीही तेच सांगितलं. सगळ्यांना पटणारं कारण असलं की पुढे कुणी शोधत नाही. माझंही तसंच झालं.

माझा भाचा नेटवर्किंगचं काम करतो. त्याला फोनवर सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, 'नेट स्लो आहे' असं म्हणू नकोस. तुझ्या संगणकापासून त्या ग्रंथालयाच्या सर्व्हरपर्यंत पाच-सहा तुकडे आहेत. कुठला तुकडा स्लो आहे ते सांग." आणि एक वही घालायला सांगितली. मी शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या. तारीख, वेळ, कुठे बसून, वायफाय की वायर, डाउनलोड, अपलोड, पिंग आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना मी आपला सवयीनं आखला होता, प्रुफाच्या कामात तो असतोच. पुढे सगळं त्याच्यामुळेच उलगडलं.

पहिला तुकडा वायफायचा. आमचा राउटर हॉलमध्ये खिडकीजवळ, कारण फायबर तिथून आत येतं. माझं टेबल मागच्या खोलीत. मध्ये दोन विटांच्या भिंती, आणि दुसऱ्या भिंतीला टेकून आईंचं लोखंडी कपाट. (आई म्हणजे माझ्या सासूबाई.) राउटर दोन पट्ट्यांवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण त्या पट्ट्यात एकमेकांच्या आड न येणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११. मोबाइलवर एक अॅप टाकून बघितलं तर आमच्या घरात आजूबाजूची २६ वायफाय दिसत होती, आणि त्यातली निम्मी ६ नंबरवर. आमचंही ६ वरच. ५ गिगाहर्ट्झला जागा भरपूर आणि वेगही जास्त, पण भिंत आली की ती दमते, आणि लोखंडी कपाटापुढे तर तिचं काहीच चालत नाही. म्हणून माझा संगणक मुकाट्यानं २.४ वर जाऊन बसायचा.

सकाळी दहाला मोजलं. मागच्या खोलीत वायफायवर ३४, हॉलमध्ये राउटरशेजारी ५ गिगाहर्ट्झवर १८८. म्हणजे सकाळी नेट 'छान' आहे असं मी म्हणत होते तेव्हाही मला जेमतेम सहावा हिस्सा मिळत होता. २०० चे पैसे भरून मी ३४ वर खूश होते, कारण संध्याकाळच्या पाच एमबीपीएसपेक्षा ते कितीतरी बरं होतं.

मग वायर टाकायचं ठरवलं. घरात जुनी १५ मीटरची नेटवर्क केबल होती ती भिंतीच्या कडेकडेनं मागच्या खोलीपर्यंत नेली. मोजलं तर ९४. पुन्हा मोजलं, ९४. तिसऱ्यांदा ९४. वायफायचा आकडा खालीवर होतो, हा अजिबात हलेना. भाच्याला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "केबल शंभरावर अडकलीये." त्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार नीट बसलेली नसेल तर दोन्ही टोकांची यंत्रं आपापसात ठरवून शंभरावर उतरतात, आणि वरखर्च वजा जाऊन हातात ९४-९५ येतात. कुठेही चूक म्हणून दिसत नाही, दिवा हिरवाच. मी भिंग घेऊन टोकाच्या पारदर्शक प्लगमध्ये बघितलं. सात तारा पुढच्या पितळी पात्यापर्यंत पोचल्या होत्या, निळी तार मात्र दोन मिलिमीटर मागे. माझं सगळं आयुष्य अनुस्वार आणि काने शोधण्यात गेलंय, त्यामुळे ही चूक सापडल्याचा मला झालेला आनंद सांगून कळायचा नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन तयार टोकांची कॅट-६ केबल आणली. मागच्या खोलीत १९२.

दोन दुखणी गेली आणि सकाळचं काम तिपटीनं वाढलं. संध्याकाळ मात्र तशीच. सात वाजून दहा मिनिटांनी त्याच नव्या केबलवर, त्याच संगणकावर, ६.

आता वायफाय, भिंती, कपाट, केबल यातलं काही उरलं नव्हतं. घरातलं आणखी कुणी नेट ओढत असेल म्हणून एक संध्याकाळ टीव्ही, सगळ्यांचे फोन, सगळं बंद करवलं. ह्यांनी कुरकुर न करता बातम्या सोडल्या. राउटरला फक्त माझी वायर. तरी ७. डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून बघ असं एकानं सांगितलं होतं, तेही केलं. त्यानं पान उघडायला लागणारा क्षणभराचा वेळ कमी होऊ शकतो, दीड जीबीची फाइल वेगानं येत नाही. ती तशी आलीही नाही.

मग पिंग. संगणक एक छोटा निरोप पाठवतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. आधी राउटरला, १९२.१६८.१.१ ला, शंभर निरोप. शंभर परत आले, प्रत्येकी एक मिलिसेकंदाच्या आत. घरातला तुकडा स्वच्छ. मग बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला, शंभर निरोप. सकाळी शंभराला शंभर. संध्याकाळी ९६. दुसऱ्या दिवशी ९५, तिसऱ्या दिवशी ९७.

चार निरोप हरवले तर वेग चार टक्क्यांनी कमी व्हायला हवा असं मला वाटलं होतं. तसं नसतं. फाइल येताना तुकड्यांनी येते, आणि एखादा तुकडा पोचला नाही की पाठवणारा सर्व्हर समजतो की वाट तुंबली आहे, आपण हात आखडता घ्यावा. तो वेग एकदम खाली आणतो आणि मग हळूहळू वाढवत नेतो. तोवर पुढचा तुकडा हरवतो. पुन्हा खाली. शंभरात चार हरवत राहिले तर त्याला वर यायला उसंतच मिळत नाही. माझ्या मनातला आणखी एक घोळ इथे सुटला. स्पीड टेस्ट संध्याकाळी कधी कधी ३० दाखवायची आणि अंक मात्र ५ च्या वेगानं उतरायचा. टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते, एक अडखळली तरी बाकीच्या धावत असतात. माझी फाइल एकाच जोडणीवरून येते, ती एकटीच अडखळत बसते. कस्टमर केअरला मी ३० चा आकडा कळवत होते आणि त्रास ५ चा भोगत होते.

वहीची दहा-बारा पानं भरली होती. एके रात्री जाग आली, अडीच वाजले होते. उठलेच आहे तर मोजून घ्यावं म्हणून मोजलं. ७. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. अडीच वाजता सोसायटी झोपलेली, सगळं कर्वेनगर झोपलेलं. मग हा लोड कुणाचा? दोन दिवसांनी मुद्दाम गजर लावून उठले, पुन्हा अडीचला मोजलं. १९१. एका रात्री सात, एका रात्री एकशे एक्क्याण्णव. लोडचं कारण त्या क्षणी माझ्या मनातून गेलं, पण त्याच्या जागी ठेवायला दुसरं काही नव्हतं.

वही आता मी नीट वाचायला घेतली, प्रूफ वाचते तशी, रकान्यारकान्यानं. आधी अपलोडचा रकाना डोळ्यात भरला. संध्याकाळी डाउनलोड १९० वरून ६ वर यायचं, पण अपलोड फारसं हलायचंच नाही, १८० चं फार तर १६० व्हायचं. गर्दी असती तर दोन्ही दबले नसते का?

आणि मग शेऱ्याचा रकाना. त्यात मी वेगाशी संबंध नसलेलंही लिहून ठेवलं होतं. 'डास फार.' 'दिवे गेले, २० मि.' 'आई वन्संकडे.' आई आठवडाभर कोथरूडला नणंदेकडे गेल्या होत्या. त्या सात दिवसांपैकी पाच दिवस संध्याकाळी नेट १८० च्या वर होतं. 'दिवे गेले' असं चार वेळा लिहिलं होतं, आणि चारही वेळा दिवे आल्यावर वेग पूर्ववत. त्याचं श्रेय मी राउटर बंद-चालू होण्याला दिलं होतं, फोनवरचे लोक सांगतात ते खरं म्हणून मानलंही होतं. पण मग मी स्वतः बंद-चालू केलं तेव्हा का फरक पडत नव्हता?

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या दिवशी हॉलमध्ये राउटरसमोर स्टूल टाकून बसले. लॅपटॉप मांडीवर, पिंग चालू. साडेसहा झाले. आई देवापाशी निरांजन लावायला उठल्या. मार्चमध्ये नदीतली जलपर्णी वाढली की आमच्या बाजूला दिवेलागणीला डासांचे थवेच येतात, आणि वाऱ्यानं ज्योत विझते तेही आहेच. त्या नेहमीसारख्या आधी खिडकीपाशी आल्या, सरकती काच ओढली, शेवटी तळहातानं दाबून घट्ट बसवली, आणि 'शुभंकरोति' म्हणत आत गेल्या. लॅपटॉपवर तीन-चार उत्तरं आली आणि एक ओळ आली, उत्तर नाही.

मी उठून खिडकीची काच बोटभर मागे सरकवली. उत्तरं सुरळीत. पुन्हा लावली. हरवायला लागली.

वाकून बघितलं तर पांढरी फायबरची वायर खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या खालच्या पट्टीतून, रुळाच्या कोपऱ्यातून आत आली होती. काच पूर्ण बंद झाली की तिची धार वायरवर बसायची आणि वायर तिथे काटकोनात मोडल्यासारखी दबायची. दोन महिन्यांत त्या जागी वायरच्या वेष्टणावर नखानं दाबल्यासारखा ठसा उमटला होता. आणि वहीतलं सगळं एकदम जागेवर आलं. आई घरात नसल्या की संध्याकाळी खिडकी लावायचं माझ्या लक्षात राहत नाही. दिवे गेले की पंखे बंद पडतात, उकडतं, म्हणून खिडक्या उघडतात. रात्री गरम झालं तर आई उठून काच सरकवतात, गार असलं तर सकाळपर्यंत बंदच राहते.

राउटरच्या पाठीमागच्या चिकटपट्टीवर नाव आणि पासवर्ड होता, तो घालून त्याचं आतलं पान उघडलं. त्यात एक ओळ असते, आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधून यंत्रापर्यंत किती उजेड पोचतोय. खिडकी उघडी असताना उणे १९.८ डीबीएम. बंद केल्यावर उणे २८.४. हे मोजमाप साधं वजाबाकीचं नाही. तीनचा फरक म्हणजे उजेड निम्मा, दहाचा फरक म्हणजे दशांश. साडेआठचा फरक म्हणजे सातातला एकच भाग पोचत होता. घरोघरी जे जीपॉन फायबर (एकाच फायबरवर अनेक घरं जोडायची पद्धत) असतं, त्याच्या नेहमीच्या वर्गातल्या घरच्या यंत्राला उणे २७ पर्यंत नीट वाचता येतं. त्याच्या खाली गेलं की लगेच बंद पडतंच असं नाही. काही अक्षरं चुकीची वाचली जातात, ती टाकून द्यावी लागतात, आणि हिरवा दिवा हिरवाच राहतो. लाल दिवा पेटला असता तर कंपनीचा माणूस पहिल्याच आठवड्यात आला असता. बिघाड धड बंद पडण्याइतका मोठा नव्हता, म्हणूनच दोन महिने टिकला.

वायरीच्या आत काचेचा जो तंतू असतो तो केसाहून जरासाच जाड, १२५ मायक्रॉनचा, आणि उजेड प्रत्यक्ष जातो तो त्यातल्या मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. उजेड आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. तंतू हलकेच वळला तर तो वळणाबरोबर वळतो, पण कोपरा तीव्र झाला की काही उजेड भिंतीतून बाहेर निसटतो. त्यातही लांब लहर जास्त निसटते. आपल्याकडे येणारा डाउनलोडचा उजेड १४९० नॅनोमीटरचा आणि आपल्याकडून जाणारा अपलोडचा १३१० चा. खिडकीच्या त्या कोपऱ्यात डाउनलोडचा उजेड जास्त सांडत होता. अपलोड का टिकून होतं ते आता कळलं.

आईंना मी वायर दाखवली. त्या फार खजील झाल्या. म्हणाल्या, "अगं, मग मला सांगायचं नाही का? मी लावलीच नसती खिडकी." मी त्यांना म्हटलं, की आई, खिडकी लावण्यासाठीच असते, वायर तिथे नको होती. आणि मला खरंच तसं वाटतं. दुरुस्ती म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसानं डास सोसावेत, ही दुरुस्ती नव्हे.

यानंतरचा तक्रारीचा भाग मात्र मला अजून खुपतो. आधीच्या दोन महिन्यांत मी तीनदा तक्रार नोंदवली होती. तिन्ही वेळा डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, आला, आणि तिन्ही वेळा कुणीही घरी न येता 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे' असा संदेश आला. एकदा तर पलीकडच्या मुलीनं सांगितलं की लिंक चालू आहे, त्यामुळे बिघाड धरता येत नाही. सरकारनं २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, त्या अर्थानं माझे ६ एमबीपीएससुद्धा ब्रॉडबँडच. पण मी पैसे २०० चे भरत होते. दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार तक्रारीच्या निकालानं समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते, त्याला पैसे पडत नाहीत. हे फार लोकांना ठाऊक नसतं. मी तिन्ही डॉकेट नंबर, वहीच्या चार पानांचे फोटो आणि खिडकी उघडी-बंद असतानाचे दोन आकडे जोडून अपील पाठवलं. चौथ्या दिवशी माणूस आला.

आला तो मुलगा वेगळा होता, पंचविशीतला. आल्या आल्या म्हणाला, "काकू, संध्याकाळी लोड असतो." मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि खिडकी लावली. त्यानं वायर राउटरमधून काढून आपल्या हातातल्या पॉवर मीटरला लावली. उणे २८.१. मी खिडकी उघडली. उणे १९.७. त्यानं मीटर खाली ठेवला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "काकू, हे आमचंच आहे. ट्रॅकमधून वायर न्यायचीच नसते. पण सोसायट्या भिंतीला भोक पाडू देत नाहीत, आणि आम्हाला दिवसाला सहा-सहा कनेक्शनं करायची असतात." हे त्याचं म्हणणंही खरं होतं. आमच्या सोसायटीनं बाहेरून रंग दिल्यापासून भोकाला बंदी आहे. मी सेक्रेटरींकडे गेले, त्यांना वायरचा ठसा दाखवला. भोक बारा मिलिमीटरचं, बाहेरच्या बाजूला उतरतं, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही, आणि कडेनं सिलिकॉन भरायचं, एवढ्या अटींवर त्यांनी लेखी परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा ड्रिल घेऊन आला. दबलेला भाग कापून टाकायचा म्हणजे वायर आखूड पडणार, म्हणून बाहेरच्या डबीपासून नवा तुकडा जोडायचा होता. मला ते काम अगदी जवळून बघायला मिळालं. त्यानं वेष्टण सोललं, आतली ताठ तार बाजूला केली, मग आतला तंतू चिमटीत धरून त्यावरचा पातळ थर एका चिमट्यानं ओढून काढला. उरला तो इतका बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसेना. स्पिरिटच्या कागदानं पुसताना काच कुरकुरल्याचा बारीक आवाज आला. "असा आवाज आला म्हणजे साफ झाली," तो म्हणाला. मग क्लीव्हरमध्ये ठेवून टक्कन कापलं. कापलेला कण त्यानं लगेच चिकटपट्टीवर उचलून घेतला आणि म्हणाला, "काकू, पायात चप्पल घाला. ही काच पायात गेली तर दिसत पण नाही आणि निघत पण नाही." दोन्ही टोकं स्प्लायसिंगच्या, म्हणजे तंतू जोडायच्या, यंत्रात समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोन जाड राखाडी खांबांसारखी दिसत होती. यंत्रानं ती स्वतःच वरखाली करून सरळ रेषेत आणली, एक निळसर ठिणगी पडली, आणि मधली फट नाहीशी झाली. पडद्यावर आकडा आला, ०.०२ डीबी. जोड होता कुठे तेही कळेना.

घरात येणाऱ्या टोकाला हिरवा प्लग असतो, तो मी आधी निळ्यासारखाच एक रंग समजत होते. त्यानं सांगितलं की हिरव्याचं तोंड आठ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात बसतो, पण तोंडं नीट जुळत नाहीत आणि तिथेही उजेड वाया जातो. घरातली फर्निचरची कामं करताना कुणी प्लग काढला तर टोकाला बोट लावू नये, टोपण लावून ठेवावं, बोटाचा तेलकट डागसुद्धा नऊ मायक्रॉनच्या गाभ्यापुढे डोंगराएवढा असतो. जादा वायर त्यानं ताटलीएवढ्या गोल वेढ्यात गुंडाळून राउटरमागे टांगली. मला तो वेढा आणखी लहान, नीटस करावासा वाटत होता, त्यानं करू दिला नाही.

राउटरवर उणे १९.५. खिडकी उघडी, बंद, पुन्हा उघडी, पुन्हा बंद. उणे १९.५.

आता रात्री नऊ ते अकरा वेग १५०-१६० पर्यंत उतरतो. हा मात्र खरोखरचा लोड आहे. एका फायबरवरचे सेकंदाचे सुमारे अडीच गिगाबिट स्प्लिटरमधून बत्तीस-चौसष्ट घरांत वाटले जातात, सगळी एकदम ओढायला लागली की प्रत्येकाचा वाटा कमी होणारच. तेव्हा पिंगमध्ये एकही निरोप हरवत नाही, अपलोडही सोबत थोडं उतरतं, आणि बारानंतर सगळं पुन्हा वर जातं. गर्दी अशी दिसते. आधी मी जे गर्दी समजत होते ते असं दिसत नव्हतं, पण तेव्हा माझ्याकडे शेजारी ठेवून बघायला काही नव्हतं.

वहीत शेवटची नोंद त्या आठवड्यातल्या गुरुवारची आहे. वेळ ७.१०. मागची खोली, वायर. डाउनलोड १९०, अपलोड १८२, शंभराला शंभर. शेऱ्यात लिहिलंय: आई घरात, खिडकी बंद, निरांजन चालू.